वळणावर वाजणारं बेअरिंग

चाकाचं बेअरिंग गेलंय, हे मुरलेला मेकॅनिक जॅक लावायच्या आधीच सांगतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी साठच्या वेगाला नेतो, स्टिअरिंग हलकेच उजवीकडे देतो, मग डावीकडे. उजवीकडे घेताना घुंघुं वाढली आणि डावीकडे घेताना दबली, तर संशय डाव्या चाकावर. कारण उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या अंगाला कलतो. टायरचा आवाज डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलं की पालटतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, ते वेगाबरोबर चढतं आणि वेगाबरोबर उतरतं. मग जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागतो का बघायचं. चाक फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला तर खरखर बोटांना कळते. पण प्ले लागला नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं समजू नये. वळणाची परीक्षाच जास्त भरवशाची. त्याचं कारण या वस्तूच्या कुळातच आहे: मोटारीच्या चाकाचं बेअरिंग घडलं ते वजनापेक्षा वळणापायी.

गोळ्यांवर भार फिरवायची कल्पना जुनी आहे. इटलीतल्या नेमी सरोवराच्या तळातून १९३० च्या सुमारास कॅलिग्युला बादशहाची जहाजं निघाली, त्यांत काशाच्या गोळ्यांवर फिरणारा चौथरा सापडला. त्या गोळ्यांना स्वतःचे आस होते, त्या मोकळ्या गडगडत नव्हत्या. त्यांना आजच्या बेअरिंगचं मूळपुरुषपद देणं मला ओढूनताणून वाटतं. लिओनार्दोने इ.स. १५०० च्या आसपास गोळ्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून त्यांना वेगळं ठेवणारी कडी रेखाटली. ते कागदावरच राहिलं.

चाकात गोळ्या घालण्याचं पेटंट वेल्समधल्या कारमार्दनच्या फिलिप वॉन या लोहकारखानदाराने १७९४ मध्ये घेतलं. घोडागाडीचा आस आणि तुंबा यांच्यामध्ये खाच, खाचेत गोळ्या. कल्पना चोख होती, पण गोळ्या कुठे गोल होत्या? दहांतली एक गोळी केसभर मोठी असली की सगळा भार तिच्यावर, बाकीच्या नुसत्या सोबतीला. त्यामुळे गाड्या पुढेही कितीतरी काळ आपल्या बैलगाडीसारख्याच चालल्या: तुंबा आसावर थेट घासतोय, मध्ये वंगण, आणि वळताना चाक बाहेर सरकू नये म्हणून टोकाला खीळ.

गोळ्यांना दिवस आले ते सायकलमुळे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये सायकलच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस-रूआँ शर्यत जेम्स मूरने बेअरिंगच्या सायकलवर मारली. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रीडरिख फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र उभं केलं. खरा धंदा तिथून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकी बाँबफेकी विमानं त्याच गावावर दोनदा चालून गेली आणि दोन्ही वेळा बरीच विमानं गमावून परतली; बेअरिंगची किंमत सेनापतींना अशी कळली होती.

सायकलवर मात्र बेअरिंगची खरी कसोटी लागलीच नव्हती. सायकलस्वार वळताना कलतो, त्यामुळे रेटा चाकाच्या पातळीतूनच जातो. चारचाकीला असं कलता येत नाही. वळताना टायरच्या तळाशी आडवा जोर लागतो आणि चाकाची अर्धी उंची त्याला तरफ म्हणून मिळते, बेअरिंग पिळवटतं. सेंट लुईसचा जर्मन वंशाचा गाडीकारखानदार हेन्री टिमकेन याने जड माल वाहणाऱ्या गाड्यांच्या या दुखण्यावर १८९८ मध्ये निमुळत्या रोलरचं पेटंट घेतलं. रोलर तिरपा, म्हणून तो वरचं वजनही घेतो आणि आडवा रेटाही. अशी दोन बेअरिंगं समोरासमोर बसवली की डावी-उजवी दोन्ही वळणं झेपतात. मोटारींनी ती जोडी उचलली. जुन्या गाड्यांत चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल करून पिन घालायची. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं. ते ‘किंचित’ किती, हे हातालाच ठाऊक.

आजच्या बहुतेक मोटारींत त्या जोडीच्या जागी गोळ्यांच्या दोन तिरप्या रांगा एकाच सीलबंद डब्यात असतात. ग्रीस आयुष्यभराचं आतच. पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. गोळी आणि ती जिच्यावर धावते ती कडी, म्हणजे रेस, यांचा स्पर्श इतका चिमूटभर, की तिथला दाब प्रचंड. त्याचं गणित हाइनरिख हर्ट्झने १८८२ पर्यंत मांडून ठेवलं होतं. चीर पृष्ठभागाच्या जरा खालीच सुरू होते, एक दिवस खपली निघते, आणि प्रत्येक गोळी त्या खळगीवरून जाताना ठोकर खाते. त्या ठोकरींची माळ म्हणजे घुंघुं. एसकेएफ या बेअरिंग कंपनीच्या आर्विद पाल्मग्रेनने आयुष्याचा हिशेब बसवला, तो एका बेअरिंगचा नव्हे, शंभरांतल्या नव्वदांचा. त्यात भार दुप्पट झाला की गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. खड्ड्यात चाक आपटलं तर हिशेबच मोडतो, रेसवर गोळीचा ठसा उमटतो.

तोच ठसा नवं बेअरिंग बसवतानाही पडू शकतो, आणि गॅरेजमधला निम्मा घोळ इथेच होतो. चाक जिच्यावर बसतं त्या नकलमध्ये बेअरिंग दाबताना प्रेसचा जोर बाहेरच्या रेसवर हवा. त्यात हब घालताना आतल्या रेसला खालून आधार हवा. आधार चुकला की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि कोरं बेअरिंग पहिल्याच फेरीला वाजतं. एबीएसची चुंबकी कडी एकाच बाजूच्या सीलमध्ये असते. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. हबचा नट नवा, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत. टिमकेनच्या काळातलं ‘किंचित सैल’ इथे चालत नाही, कारण आतली रेस दोन अर्ध्यांची असते आणि त्यांना एकत्र धरतो तो हा नटच. म्हणून नट सैल असताना गाडी जॅकवरून उतरवून कोपऱ्यात ढकलायची नाही, दोन पावलंसुद्धा.