नावडत्या ग्रंथाचा न्याय

शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके जुनी होऊ लागली की त्यांच्या समासांत एक निराळेच वाङ्मय जमत जाते. कोणी विद्यार्थी शिसपेन्सिलीने ‘भिकार’ असा एका शब्दाचा निकाल देतो. त्याच्याखाली दुसरा कोणी ‘तुला कळले नाही’ असा शेरा मारतो, आणि तिसरा त्या दोघांची अक्कल काढतो. मुख्याध्यापक या नात्याने पुस्तक विद्रूप केल्याबद्दल रागावणे मला भाग पडते. तथापि त्या शेऱ्यांकडे पाहताना मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. न आवडलेल्या ग्रंथाविषयी बोलण्याची रीत आपण या मुलांना कधी शिकविली आहे काय? आणि आपल्या पूर्वसूरींनी तरी ती कितपत पाळली?

मराठीत ग्रंथपरीक्षणाला नियमित व्यासपीठ मिळाले ते प्रामुख्याने ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकामुळे. ते 1867 साली निघाले आणि 1937 पर्यंत चालले. त्याचे आद्य संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे, ही गोष्ट सीमाभागातील वाचकांनी अभिमानाने आठवावी अशी आहे. परंतु नावडत्या ग्रंथावर तुटून पडण्याची जी धारदार शैली मराठी वाचकाच्या स्मरणात राहिली, ती विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची. जानेवारी 1874 मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे 84 अंक काढले. ‘ग्रंथावर टीका’ हा स्वतंत्र विषय घेऊन त्यांनी निबंध लिहिला, यावरूनच या कार्याचे मोल त्यांना किती वाटत होते हे दिसून येते. 1882 साली वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी ते निवर्तले. पण तेवढ्या अवधीत मराठी गद्याला त्यांनी जो डौल आणि जे पाणी दिले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

या मालेतील दोन परीक्षणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले लोकहितवादींच्या पत्रांवरचे. गोपाळ हरी देशमुख यांनी 1848 ते 1850 या काळात मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ही पत्रे लिहिली. त्यांना ‘शतपत्रे’ म्हणतात, पण त्यांची संख्या 108 आहे. स्वजनांच्या आळसावर, अज्ञानावर व भिक्षुकीवर त्यांत कोरडे ओढलेले आहेत. विष्णुशास्त्र्यांना ते मुळीच रुचले नाही. आपल्या लोकांना इतके हिणवावे आणि परकी राज्यकर्त्यांची इतकी वाखाणणी करावी, हे त्यांच्या स्वाभिमानाला झोंबले. त्यांचा उपरोध पुष्कळदा मर्यादा ओलांडतो. तरीही वाद मुद्द्याचा आहे. लोकहितवादी काय म्हणतात व ते आपणांस का पटत नाही, हे वाचकाला समजते. दोहोंपैकी कोणाची बाजू घ्यावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी शिल्लक राहते.

दुसरे परीक्षण जोतीराव फुले यांच्या लेखनावरचे. ‘गुलामगिरी’ 1873 साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलेला आहे. ब्राह्मणवर्गावर त्याने केलेला हल्ला कठोर होता, तेव्हा त्याला कठोर उत्तर मिळणे स्वाभाविक होते. परंतु येथे शास्त्रीबोवांची लेखणी मुद्द्यापाशी फारशी थांबली नाही. तिने व्याकरणाच्या चुका वेचल्या, शब्दांच्या अशुद्ध रूपांची थट्टा केली आणि लेखकाच्या जातीवरून त्याच्या योग्यतेचा उपहास केला. शूद्रातिशूद्रांच्या दास्यासंबंधीचा जो प्रश्न ग्रंथात विचारला होता, तो अनुत्तरितच राहिला.

हा न्याय ग्रंथाचा नव्हे, तर लेखणी धरण्याच्या अधिकाराचा झाला. वस्तुतः फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते आणि ‘गुलामगिरी’ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडलेली आहे. त्यांची मराठी ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला त्यांच्या बोलण्याच्या जवळची होती. पुण्याच्या विद्वान घरांतील भाषेच्या मापाने ती मोजणे म्हणजे कांबळे शालजोडीसारखे मऊ नाही म्हणून त्याला दोष देणे होय. थंडीत ते ऊब देते की नाही, हे पाहावयाचे राहूनच जाते.

या टीकेने फुल्यांनी आपली भाषा बदलली नाही. 1883 साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याच रोखठोक मराठीत लिहिला. पुढे 1885 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. तिचे निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. वरच्या वर्गातील ग्रंथकारांच्या पुस्तकांशी आमच्या सुखदुःखाचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. माझ्या मते हेही एक परीक्षणच आहे. एका वाचकाने एका संपूर्ण ग्रंथसंभाराविषयी आपली नावड सांगितली. पण शुद्धलेखनाचा एकही दोष न काढता, त्या ग्रंथांत काय नाही एवढेच त्याने दाखविले.

काळाने पुढे काय केले हे सर्वश्रुत आहे. 1969 साली महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. आज त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास विद्यापीठांतून होतो, आणि निबंधमालेतील त्या परीक्षणाचा उल्लेख येतो तो बहुधा परीक्षक कोठे चुकला हे सांगण्यासाठी. तथापि म्हणून विष्णुशास्त्र्यांना मोडीत काढणे म्हणजे त्यांचीच चूक उलट दिशेने करणे होईल. त्यांचे गद्य वाचावे, त्यातून शिकावे; मात्र उत्तम शैली ही उत्तम न्यायबुद्धीची हमी नव्हे, हे त्यांच्याच उदाहरणावरून ध्यानात धरावे.

ग्रंथ नावडण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे. त्याने नावड लपवू नये. खोट्या स्तुतीने वाङ्मयाचे कधी भले झालेले नाही. परंतु ग्रंथकाराला काय सांगावयाचे होते हे आधी प्रामाणिकपणे मांडावे, मग ते का पटले नाही ते सांगावे, आणि भाषा खटकली असेल तर ती कोणाची भाषा आहे हेही स्वतःला विचारावे. ‘भिकार’ लिहिणारा विद्यार्थी सापडतो, तेव्हा मी त्याला तो शब्द खोडून टाकण्यास सांगतो आणि कोऱ्या कागदावर कारणाच्या चार ओळी लिहून आणावयास लावतो. काही मुले चार ओळी लिहितात. काही मात्र दोन दिवसांनी येऊन, पुस्तक पुन्हा वाचावयास हवे, असे म्हणतात. मला दोन्ही उत्तरे चालतात.