प्लाझ्मा हरला कुठे

दुकानात गिऱ्हाईक टीव्ही समोरून बघतं. दुरुस्तीवाल्याची त्याच्याशी ओळख होते ती मागून. स्क्रू काढून झाकण उचललं की मी आधी बघतो, यात उजेड कुठून येतो. पडद्याचा ठिपका स्वतः पेटतो, की मागच्या दिव्याचा उजेड नुसता अडवतो आणि सोडतो? पातळ टीव्हीचं सगळं भांडण या एका गोष्टीवरून आहे. कराडात बसून जगाच्या टीव्हीवर बोलू नये असं कुठं लिहिलेलं नाही, म्हणून बोलतो.

डबा टीव्हीत हा प्रश्नच नव्हता. पिक्चर ट्यूबच्या मानेत गन, काचेला आतून फॉस्फरचा थर आणि रंगीत सेटला 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब पुरवणारा एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळायचे. अडचण एकच होती. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी, त्यामुळे आकार वाढला की काच जाड करावी लागे आणि ट्यूब मागे लांब होत जाई. 29 इंची सेट जिन्यावरून चढवायचा म्हटला की शेजाऱ्याला हाक मारावी लागे. भिंतीवर टांगायचा टीव्ही या काचेतून निघणं शक्यच नव्हतं.

तो निघाला भलत्याच कामातून. अमेरिकेत अर्बाना इथल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकावरून शिकवण्याची योजना चालू होती. साध्या ट्यूबवर चित्र टिकवायचं तर ते सेकंदाला कितीतरी वेळा पुन्हा काढावं लागतं, त्यासाठी मेमरी लागते आणि त्या काळी मेमरी सोन्याच्या भावाची. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी 1964 मध्ये यावर तोड काढली. दोन काचा, मधल्या फटीत वायू, एका काचेवर उभ्या तारा आणि दुसरीवर आडव्या. एकदा पेटलेला ठिपका कमी व्होल्टवर पेटलेलाच राहतो, म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम पडदाच करतो. रंग फक्त नारिंगी. शाळकरी धड्यांना तेवढा पुरे होता.

नारिंगीपासून रंगीत होईपर्यंत जवळजवळ तीन दशकं गेली. झेनॉनमिश्रित वायूतून अतिनील किरण निघतात, ते लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरवर पडतात आणि प्रत्येक ठिपका आपापल्या रंगात पेटतो. जपानच्या फुजित्सूनं 1992 मध्ये 21 इंची रंगीत प्लाझ्मा काढला आणि त्याच दशकात 42 इंची दुकानात आला. किंमत मोटारीच्या घरातली.

एलसीडीची, म्हणजे मागचा उजेड अडवणाऱ्या द्रवस्फटिकाच्या पडद्याची, वाट वेगळी. न्यूयॉर्कमध्ये 1968 साली आरसीए कंपनीनं द्रवस्फटिकाचे पडदे पत्रकारांना दाखवले. जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाचं ते काम. भिंतीवरचा टीव्ही आता येणारच, असा तेव्हा बोलबाला झाला. आरसीएचा धीर सुटला आणि ते तंत्र जपानी कॅल्क्युलेटरात शिरलं. शार्पचा पहिला 1973 चा. त्याच सुमारास इंग्लंडात हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे यांनी साध्या तापमानात टिकणारे द्रवस्फटिक बनवले, नाहीतर एलसीडी प्रयोगशाळेबाहेर फार काळ जगला नसता.

इथं मला आपल्याकडचा एक माणूस आणायचा आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. नागपूर विद्यापीठातून एम. एस्सी. होऊन ते बंगळूरला रामन संशोधन संस्थेत गेले. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट असतात अशी तोवर सगळ्यांची धारणा. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश या तिघांनी 1977 मध्ये दाखवून दिलं की चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. पुढं फुजीफिल्मनं याच जातीच्या रेणूंचा थर देऊन एक फिल्म काढली. जुन्या मॉनिटरकडं बाजूनं पाहिलं की रंग उलटेपालटे दिसायचे, ते त्या फिल्मनं पुष्कळ कमी झाले. पॅनलवरची पोलरायझर शीट ओलसरपणानं सुटते, ती आम्ही ओढून काढतो आणि कचऱ्यात टाकतो. तिच्या चिकटलेल्या थरांत नागपूरकराची विद्या असू शकते, हे माझ्याकडं काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी मुद्दाम सांगतो. ती ऐकून घेतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघतात, म्हणजे पुन्हा त्याच विद्येच्या भाऊबंदांकडं.

आमच्या भागात प्लाझ्मा आणि एलसीडीची खरी लढाई आली 2006-07 नंतर. माझ्या डोळ्यांना विचाराल तर त्या वेळचा प्लाझ्मा सरळ सरस होता. अंधाऱ्या खोलीत काळा रंग काळा दिसायचा. क्रिकेटमध्ये चेंडू सीमेकडं धावला की एलसीडीवर त्याला शेपूट फुटायचं, प्लाझ्मावर चेंडू चेंडूच राहायचा. पायोनियरचा ‘कुरो’ 2007 मध्ये आला, आणि काळ्या रंगाची बरोबरी करायची तर त्याच्याशी करा, असं जाणकार पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिले.

पण टीव्ही विकत घेतात दुकानात, आणि दुकानात अंधार नसतो. छताला ट्यूबलाइटच्या रांगा, समोर रस्त्याकडची काच. प्लाझ्माच्या तोंडावरची काच आरशासारखी. तिच्यात सिनेमाऐवजी सेल्समनचा शर्ट दिसायचा. शेजारचा एलसीडी ब्राइटनेस शेवटाला नेऊन लावलेला, निळसर पांढरा, डोळ्यात भरणारा. पाच मिनिटांत निवड व्हायची. त्यात विजेचं बिल होतं. 42 इंची प्लाझ्मा उजळ दृश्यात 300 वॉटच्या आसपास ओढायचा, आणि उन्हाळ्यात समोर बसलं की गालाला ऊब लागायची. भारनियमनाच्या दिवसांत हे कोण सोसणार?

दुरुस्तीवाल्यांची तक्रार निराळी होती. ठिपके पेटते ठेवणारा वाय-सस बोर्ड गेला की नवा मिळेपर्यंत गिऱ्हाईक रोज फोन करायचं. आणि छाप बसण्याचा रोग. एका हॉटेलात मालकानं दिवसभर बातम्या लावून ठेवल्या. वर्षभरात पडद्याच्या तळाशी पट्टीची फिकट खूण कायमची उमटली. संध्याकाळी चित्रपट लावला तरी नायिकेच्या पदरावरून ब्रेकिंग न्यूजचा आडवा पट्टा जायचा. ठिपका स्वतः पेटतो तेव्हा तो स्वतः झिजतोही. तिथं बोर्ड बदलून भागत नाही.

तरी माझ्या मते प्लाझ्माला मारलं ते ट्यूबलाइटनं नाही, कारखान्यांनी. रंगीत प्लाझ्माचा ठिपका फार बारीक करता येत नव्हता. त्यामुळे त्यातून मोठे टीव्ही निघायचे, पण मोबाइल, लॅपटॉप, मॉनिटर निघायचे नाहीत. एलसीडी मनगटातल्या घड्याळापासून भिंतीपर्यंत सगळीकडं चालला. जगातल्या प्रत्येक लॅपटॉपचा पैसा एलसीडीच्या कारखान्यांत मुरत गेला, काचेचे तुकडे मोठे होत गेले, भाव पडत गेले. मागच्या उजेडाची सीसीएफएल ट्यूब जाऊन एलईडीच्या पट्ट्या आल्या तेव्हा एलसीडी आणखी पातळ झाला. त्याला गिऱ्हाईक एलईडी टीव्ही म्हणू लागलं. आतला पॅनल तोच. पॅनासॉनिकनं ओसाकाजवळ आमागासाकीला प्लाझ्माचा नवा कारखाना 2010 च्या सुमारास चालू केला आणि 2013 मध्ये प्लाझ्मा बंद केल्याचं जाहीर केलं. सॅमसंग आणि एलजी 2014 मध्ये थांबले.

आता ओएलईडी. कोडॅकच्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेतल्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये सेंद्रिय थरांतून थोड्या व्होल्टवर चांगला उजेड काढून दाखवला. कोडॅकनं 2009 मध्ये हा धंदा एलजीला विकला आणि 2013 मध्ये एलजीचा 55 इंची ओएलईडी बाजारात आला. फोटोच्या रोलवर जगणाऱ्या दोन कंपन्या, फुजी आणि कोडॅक, दोघींचाही माल शेवटी टीव्हीच्या काचेत गेला. फुजीनं तो विकत राहून स्वतःला जगवलं.

ओएलईडी म्हणजे प्लाझ्माचा स्वभाव पुन्हा आला: ठिपका स्वतः पेटतो, काळा खरा काळा आणि छाप बसण्याची भीती कमी झाली तरी आहेच. समोर मिनी एलईडीवाला एलसीडी उभा आहे, मागचे दिवे शेकडो तुकड्यांत वेगवेगळे मंद करणारा.

कोणता घेऊ, असं विचारायला लोक येतात तेव्हा मी उलट विचारतो, टीव्ही बघता कधी? बहुतेकांचं उत्तर एकच असतं, जेवताना. जेवताना घरात ट्यूबलाइट लावलेली असते. त्यांना मी ओएलईडीचे जादा पैसे घालायला सांगत नाही.