छायाचित्रांची रंगशुद्धी आणि इतिहासाचा पुरावा : अजिंठा ते पवनी

प्रस्तावना

मूळ वस्तू झिजली वा नष्ट झाली की तिची प्रतिकृती किंवा छायाचित्र हेच इतिहासाचे साधन उरते. मात्र रंगीत छायाचित्राचा रंगही कालौघात पालटतो. संगणकावर तो सुधारताना ‘लॅब’ या रंगपद्धतीचा उपयोग केला जातो. तिची उपयुक्तता आणि मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अजिंठ्याची साक्ष

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांच्या बहुतांश प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नव्या प्रती केल्या. त्यांतील अनेक प्रतीही १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांचे संरक्षणकार्य करवून घेतले. त्या वेळी लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला. त्यामुळे नंतरच्या रंगीत छायाचित्रांत चित्रकाराच्या रंगासोबत लेपाचा रंगही उतरला.

लॅब पद्धतीचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ मध्ये निश्चित केलेल्या या पद्धतीत रंगाचे तीन घटक मानले जातात. ‘एल’ हा उजळपणा दर्शवितो, ‘ए’ हिरव्यापासून लालपर्यंतचा आणि ‘बी’ निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा पल्ला दर्शवितो. लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशरंगांच्या नेहमीच्या पद्धतीत एक रंग कमी केला की उजळपणाही बदलतो. लॅबमध्ये मात्र ‘एल’ला धक्का न लावता ‘बी’ शून्याकडे सरकविता येतो आणि चित्रावरील पिवळी झाक कमी होते. छायाचित्रात करडा किंवा पांढरा संदर्भ उपलब्ध असल्यास हे काम अधिक विश्वसनीय ठरते.

मर्यादा

अजिंठ्याच्या चित्रकारांनी पिवळी गेरूही वापरली होती. ‘बी’ घटक सरसकट सरकविला असता लेपाच्या पिवळेपणासोबत चित्रकाराचा पिवळा रंगही फिका होतो. लॅब पद्धत उजळपणा आणि रंग वेगळे करते. चित्रकाराने दिलेला पिवळा आणि काळाने चढविलेला पिवळा यांतील भेद तिला कळत नाही. तो भेद इतिहासाच्या अभ्यासकानेच करावयाचा असतो. शिवाय पडद्यावर किंवा छपाईत दाखविता न येणारे रंगही या पद्धतीत निर्माण होऊ शकतात, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

समारोप

हाच प्रश्न भंडारा जिल्ह्याच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनी येथे केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूप उजेडात आला. अशा स्थळी मातीच्या थराचा व विटेचा रंग हाच पुरावा असतो. त्या काळातील रंगीत छायाप्रती बहुधा लालसर होत जातात. ही लाली काढताना ‘ए’ घटक अविचाराने सरकविल्यास विटेची व मातीची खरी लालीही पुसली जाईल. म्हणून मूळ प्रत अबाधित ठेवावी, सुधारणा स्वतंत्र प्रतीवर करावी आणि कोणता घटक किती बदलला याची लेखी नोंद ठेवावी. अशी नोंद नसलेली रंगशुद्धी डोळ्यांना सुखावेल, परंतु पुरावा म्हणून तिचे मूल्य उरणार नाही.