नव्या ग्रहाचें बारसें

सन १७८१ पूर्वीं इतिहासाला ज्ञात अशा कोणत्याहि ज्योतिष्यावर नव्या ग्रहाला नांव ठेवण्याचा प्रसंग आला नव्हता. डोळ्यांना दिसणाऱ्या पांच ग्रहांचीं नांवें वाडवडिलांकडून मिळालेलीं होतीं. बाबिलोनच्या लोकांनीं गुरु हा मर्दुक देवाचा, शुक्र इश्तार देवीचा, मंगळ युद्धप्रिय नेर्गालचा अशी वांटणी केली होती. ग्रीक लोक प्रथम या ज्योतींना त्यांच्या तेजावरून ओळखीत. मंगळाला ते 'अग्निमय' म्हणत व बुधाला 'चकाकणारा'. पुढें बाबिलोनी पद्धति त्यांच्यापर्यंत पोंचली, आणि मर्दुकच्या जागीं झ्यूस व इश्तारच्या जागीं ॲफ्रोडाइटी आली. रोमन लोकांनीं तेथें आपल्या ज्यूपिटर, व्हीनस, मार्स, मर्क्यूरी व सॅटर्न यांना बसविलें. युरोपांत जीं नांवें रोमन म्हणून चालतात, त्यांतील मूळ कल्पना अशी रोमची नव्हेच. रोमनें मूर्ति बदलल्या; देवघर जुनेंच राहिलें.

या देवघरांत सहाव्या देवाची स्थापना करण्याची वेळ आली ती इंग्लंडांतील बाथ शहरीं. विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा. पोटासाठीं तो एका प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवी आणि रात्रीं स्वतः घडविलेल्या दुर्बिणींतून आकाश पाही. १३ मार्च १७८१ च्या रात्रीं त्याला एक अशी ज्योति दिसली कीं, ती ताऱ्यासारखी बिंदुरूप नसून बारीक चकतीसारखी होती. प्रथम त्याला तो धूमकेतु वाटला. परंतु लेक्सेल प्रभृति गणितज्ञांनीं तिचा मार्ग जवळजवळ वर्तुळाकार ठरविला, आणि शनीच्याहि पलीकडे एक ग्रह आहे हें निश्चित झालें.

१७८२ मध्यें तिसऱ्या जॉर्ज राजानें हर्शेलला वर्षाला दोनशें पौंडांचें वेतन बांधून दिलें. संगीताच्या शिकवण्यांतून त्याची सुटका झाली. त्याच सालीं त्यानें ग्रहाला 'जॉर्जियम सिडस', म्हणजे जॉर्जचा तारा, हें नांव सुचविलें. जुन्या काळच्या लोकांनीं आपल्या देवतांचीं व वीरांचीं नांवें दिलीं तें त्यांना शोभलें; या विचारी युगांत पुन्हां पुराणांकडे धांव घेणें योग्य नव्हे, असें त्याचें म्हणणें. युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध दिसतो. परंतु त्याच्या मागें मिठाला जागण्याची भावना होती हें उघड आहे, आणि तींत लाजण्यासारखें कांहीं नव्हतें. गॅलिलिओनेंहि १६१० मध्यें गुरूच्या चार चंद्रांना आपल्या आश्रयदात्या मेडिची घराण्याचें नांव दिलें होतें.

पण इंग्लंडच्या राजाचें नांव पॅरिसच्या किंवा बर्लिनच्या वेधशाळेनें कां घ्यावें? फ्रान्सच्या लालांदनें ग्रहाला शोधकाचेंच नांव द्यावें, असें सुचविलें. बर्लिनच्या बोडेनें तोड काढली ती कुळकथेच्या आधारें: मार्सचा पिता ज्यूपिटर, ज्यूपिटरचा सॅटर्न, मग सॅटर्नच्या पलीकडे त्याचा पिता युरेनस असावा हें सयुक्तिक. यांत एक गंमत अशी कीं, युरेनस हें नांव ग्रीक. रोमन लोक त्याच देवाला सीलस म्हणत. बोडेची वंशावळ अर्धी रोमन व अर्धी ग्रीक झाली, तरी कोणाच्याहि राजाचा त्यांत संबंध नसल्यामुळें ती सर्वांना पटण्यासारखी होती. १७८९ मध्यें बर्लिनच्याच क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञानें आपल्या नव्या धातूला युरेनियम म्हणून तिला दुजोरा दिला.

इंग्लंडनें मात्र हट्ट सोडला नाहीं. तेथील सरकारी नाविक पंचांगांत 'जॉर्जियन' हें नांव १८५० च्या सुमारापर्यंत टिकलें. तत्पूर्वीं, १८४६ मध्यें, नेपच्यून सांपडला तेव्हां हाच वाद पुन्हां माजला. ज्याच्या गणितानें तो सांपडला त्या लव्हेरियेनें प्रथम नेपच्यून हें नांव पसंत केलें, आणि मग ग्रहाला आपलेंच नांव मिळावें असा आग्रह धरला. इतर देशांनीं तो मानला नाहीं. समुद्रदेवाचें नांव राहिलें.

लालांदची सूचना युरोपांत मागें पडली. महाराष्ट्रांत ती अद्याप जिवंत आहे: मराठी ज्योतिषी पत्रिका मांडतांना नेपच्यूनला नेपच्यूनच म्हणतो, पण युरेनसला म्हणतो 'हर्षल'.