पंपाची ओढ आणि रबरी नळी

रेडिएटरची खालची नळी आत ओढली जाऊन चपटी होणे आणि त्यामुळे इंजिन तापणे हा दोष मोटारीइतका जुना नाही. तो मोटारीत पाण्याचा पंप स्थिरावल्यानंतरचा आहे. त्याचा इतिहास म्हणजे एका दोषावर काढलेल्या उपायातून दुसरा दोष कसा उपजला याचा इतिहास होय, आणि जुन्या गाड्या जपणाऱ्यांना तो ठाऊक असल्यास पुष्कळ नळ्या विनाकारण बदलाव्या लागणार नाहीत.

जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येई आणि उरलेली उष्णता धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर टाकावी लागे. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंटसाठी नोंदवलेल्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीचे पाणी सरळ उकळून वाफ होऊन निघून जाई, त्यामुळे १८८८ साली त्याची पत्नी बर्था मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीने गेली तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरण्यावाचून गत्यंतर नव्हते. विल्हेल्म मायबाखने १९००च्या सुमारास मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर तयार करून तेच पाणी पुन्हा वापरण्याची पक्की सोय केली. मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला तो बसवला गेला आणि पुढील मोटारींच्या समोरच्या जाळीदार चेहऱ्याचा पाया तिथेच घातला गेला.

तथापि पाणी फिरवायचे कसे, याचे उत्तर लगेच एकमुखी झाले नाही. फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी गाड्यांच्या पहिल्या सुमारे अडीच हजार नगांत पंप होता, पण नंतर तो काढून टाकून गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी जड होऊन खाली उतरते या निसर्गनियमावरच, म्हणजे थर्मोसायफन पद्धतीवर, भिस्त ठेवण्यात आली. हे अभिसरण संथ असल्याने नळ्या रुंद ठेवाव्या लागत, परंतु त्यांत कोठेही ओढ नसल्याने नळी चपटी होण्याचा प्रश्नच येत नसे. इंजिनांची शक्ती वाढली, बॉनेट खाली आले, रेडिएटर ठेंगणा झाला, तसे नुसत्या उष्णतेच्या बळावर पाणी पुरेसे फिरेना आणि पंप परत आला.

इंजिन हादरते आणि रेडिएटर सांगाड्याला जखडलेला असतो; या दोहोंमधला जोड लवचिक हवा, म्हणून तेथे सुती कापडाचे थर घालून व्हल्कनाइझ केलेल्या, म्हणजे गंधकाबरोबर तापवून चिवट बनवलेल्या, रबराची नळी आली. बहुतेक रचनांमध्ये पंप रेडिएटरच्या तळातून पाणी खेचतो. त्यामुळे वरच्या नळीवर आतून दाब पडतो, तर खालच्या नळीत ओढ निर्माण होते. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने किंवा गंजाने अर्ध्या बुजल्या असतील तर पंपाला हवे तितके पाणी मिळत नाही, ओढ वाढते, आणि शहाळ्यात घातलेली कागदी नळी जोराने ओढल्यावर चिकटते तशी उष्णतेने मऊ झालेली जुनी नळी मिटते. या दोषाचा खोडसाळपणा असा की गाडी थांबवून बॉनेट उघडले की इंजिनाचा वेग उतरलेला असतो आणि नळी गोल होऊन निरपराध भासते. पंख्याचा दोष गर्दीत जाणवतो. मिटणाऱ्या नळीचा दोष मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना जाणवतो. म्हणूनच इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडल्यावर, पंख्यापासून हात दूर ठेवून, ॲक्सिलरेटर दाबून नळीकडे पाहणे हीच खरी परीक्षा ठरते.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसू लागलेल्या आणि महायुद्धानंतर रूढ झालेल्या दाबाच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवला. प्रति चौरस इंच सात पौंडांच्या दाबाखाली समुद्रसपाटीला पाणी सुमारे ११२ अंश सेल्सिअसला उकळते. हा दाब पंपाची ओढ काही अंशी भरून काढतो, म्हणून झाकण गळके झाले की खालच्या नळीवरचा धोका वाढतो. पण त्याच झाकणात एक लहान उलटी झडप असते. इंजिन थंड होताना पाणी आकसते तेव्हा तिने हवा किंवा टाकीतले पाणी आत घ्यायचे असते. ती अडकली तर आत निर्वात होऊन उभ्या गाडीची वरची नळीही पिळवटते. नळी बदलण्याआधी झाकण तपासावे, हा क्रम अनेकदा उलटा होतो.

महाराष्ट्रात या विषयाचे खास स्थान आहे ते बोरघाटामुळे आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटमुळे, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. खंडाळ्याच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जास्त, समोरून येणारा वारा कमी आणि उंचीमुळे उत्कलनबिंदूही दोनेक अंशांनी खाली असतो. त्यात येथे पाणी गोठण्याचे भय नसल्याने कूलंटऐवजी विहिरीचे किंवा नळाचे साधे पाणी ओतण्याची सवय पडली. पण गोठणरोधक द्रवात गंजरोधक द्रव्येही असतात, हे त्या सवयीने दुर्लक्षिले. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड अशा जोडीत साधे पाणी गंज व क्षार साठवते, रेडिएटर चोंदतो, आणि नळी मिटण्याची तयारी हळूहळू पूर्ण होते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हद्दपार झाली असली, तरी खासगी हौशी मंडळींकडे अशा गाड्या आजही आहेत.

कारखान्यांनी पुष्कळ गाड्यांच्या खालच्या नळीत तारेची स्प्रिंग घालून तिला आतून आधार दिला होता. बदली म्हणून मिळणाऱ्या नळीत ती अनेकदा नसते, आणि जुनी पोलादी स्प्रिंग गंजून तिचे तुकडे पंपाच्या पात्यांपर्यंत पोहोचू शकतात. त्यामुळे ती जुन्या नळीतून काढून नव्या नळीत घालण्याची काटकसर टाळून गंजरोधक पोलादाची, नळीच्या आतल्या व्यासाला घट्ट बसणारी आणि वळणापाशी न दुमडणारी स्प्रिंग घ्यावी. १९३१ साली बाजारात आलेले निओप्रीन व १९६०च्या दशकातले ईपीडीएम ही कृत्रिम रबरे उष्णतेपुढे नैसर्गिक रबरापेक्षा अधिक टिकाव धरतात. मात्र ईपीडीएमला इंजिनाच्या तेलाचे वावडे असल्याने गळक्या सीलखालून जाणारी नळी बाहेरून सुजते. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांनी बाहेरून कापडी विणीची आणि आतून आधुनिक रबराची नळी वापरली, तर जुन्या गाड्यांच्या स्पर्धांतील परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापण्याचे कारण नाही.