एक तारीख, तीन प्रसंग

मराठेशाहीच्या इतिहासात १० जानेवारी ही तारीख मोठी विलक्षण आहे. त्या तारखेला निरनिराळ्या वर्षी घडलेले तीन प्रसंग एकापुढे एक मांडले म्हणजे साठ वर्षांची एक सलग कथा उभी राहते. तिचे मुख्य स्थळ पुणे नव्हे, माळव्यातील धार होय.

मराठ्यांचा अंमल माळव्यात बसला तेव्हा तेथील मुलूख मुख्यतः शिंदे, होळकर व पवार या तीन घराण्यांत वाटला गेला. पवारांची एक शाखा धारेस नांदू लागली. देवासास तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या वंशजांनी एकाच गावी दोन गाद्या चालविल्या. थोरली पाती व धाकटी पाती या नावांनी त्या ओळखल्या जात. उज्जैनीचे शिंदे हे या दोन्ही ठिकाणच्या पवारांचे शेजारी.

पहिला प्रसंग याच शिंदे घराण्यातला. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या काठी, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना पडला. दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे अखेरचे उद्गार महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. अब्दालीचे हे संकट निवारण्यासाठी सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. धारचे यशवंतराव पवार तेथे कामास आले. मागे राहिला तो खंडेराव हा अल्पवयी पुत्र.

पानिपतानंतर पेशव्यांच्या घरात मृत्यूची रांगच लागली. नानासाहेब १७६१ मध्ये गेले. माधवराव १७७२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादांस पेशवाई मिळाली, पण बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही. दादांनी आपल्या पत्नी आनंदीबाई यांस आश्रयासाठी धारच्या किल्ल्यात ठेविले. खंडेराव पवारांनी दादांचाच पक्ष धरला होता.

या किल्ल्यात १० जानेवारी १७७५ रोजी दुसरा बाजीराव जन्मला. किल्ल्यातील खरबुजा महाल हे त्याचे जन्मस्थान म्हणून दाखवितात. नऊ महिन्यांपूर्वी पुरंदरावर नारायणरावांचा मरणोत्तर पुत्र सवाई माधवराव जन्मास आला होता. नात्याने चुलता असलेला बाजीराव वयाने पुतण्याहून धाकटा ठरला! दादांच्या शत्रूंनी धारेस वेढा घातला. आनंदीबाई व तान्हे मूल स्वाधीन झाल्यावरच तो उठला. मूल दोन महिन्यांचेही नव्हते तोच, ६ मार्च रोजी, पित्याने सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देऊ केली. त्याच मुलाने १८०२ च्या अखेरीस वसईतच इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले.

तिसरा प्रसंग १८१९ चा. शिंदे-होळकरांच्या वारंवारच्या स्वाऱ्यांनी धारचे राज्य खिळखिळे झाले होते. आनंदराव पवारांच्या पश्चात त्यांच्या पत्नी मीनाबाई यांनी दत्तक पुत्र रामचंद्रराव यांच्या नावाने ते कसेबसे सांभाळले होते. देवासच्या दोन्ही पात्यांनी आदल्याच महिन्यात इंग्रजांचे संरक्षण पत्करले होते. १० जानेवारी १८१९ रोजी धारनेही तसाच तह केला. त्याच दिवशी बाजीराव ४४ वर्षांचा झाला. पेशवाई गमावून तो इंग्रजांच्या पहाऱ्यात उत्तर हिंदुस्थानात होता. पुढे सालीना आठ लाखांच्या पेन्शनीवर ब्रह्मावर्तास राहून तो १८५१ मध्ये वारला.

हा योगायोग त्या काळच्या माणसांना मात्र दिसलाच नसता. त्यांचा व्यवहार तिथीने चाले. दत्ताजी पडला तो पौषाच्या कृष्ण पक्षात. बाजीराव जन्मला तो शुक्ल पक्षात. इंग्रजी कालगणना लावली म्हणजेच दोन्ही दिवस एका तारखेवर येतात. संक्रांतही त्या तारखेवर थांबली नाही. आपले सौर वर्ष इंग्रजी वर्षाहून काही मिनिटांनी मोठे असल्यामुळे सुमारे सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. म्हणूनच दत्ताजीच्या वेळी १० जानेवारीला आलेली संक्रांत आता १४ किंवा १५ तारखेस येते.

तेव्हा दोष तारखेचा नव्हे आणि संक्रांतीचाही नव्हे. बुराडीस परचक्राशी झुंजताना सरदार पडला. परंतु धारेस एका मराठी किल्ल्याला मराठी फौजांनीच वेढले, आणि अखेर आपल्याच भाऊबंदांच्या स्वाऱ्यांनी जर्जर झालेल्या त्या राज्याने परक्याचे छत्र पत्करले. १९४८ मध्ये धार व देवासची संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. लाल दगडांचा तो किल्ला मात्र धारेत अजून उभा आहे.