वास्तुशिल्पज्ञाचे शिक्षण कधी संपते?

घर बांधायचे ठरले की आपण चार ठिकाणी चौकशी करतो आणि शेवटी ज्याच्या कचेरीत प्रमाणपत्र टांगलेले आहे अशा वास्तुशिल्पज्ञाकडे, म्हणजे आर्किटेक्टकडे जातो. ते प्रमाणपत्र काय सांगते? हा गृहस्थ अमुक साली परीक्षा उत्तीर्ण झाला, एवढेच. पुढच्या वीस वर्षांत तो नवे काय शिकला, हे त्यावर लिहिलेले नसते. परवाना मिळाल्यावरही शिकत राहण्याची अट असावी की नाही, हा आजचा आपला विषय. विषय दूरच्या मुलखातला वाटेल, पण खानदेशच्या इतिहासाने त्याला आपल्या परीने उत्तर दिलेले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. सरळ, रुंद रस्त्यांचे नवे धुळे तेव्हापासून वाढले. ब्रिग्ज हा लष्करी माणूस, आणि प्रत्यक्ष घरे उभी केली ती गवंड्यासुतारांनी. त्यांना परवाना कोण देणार? बाप मुलाला ओळंबा धरायला शिकवी, आणि हात चालेपर्यंत ते शिक्षण चालूच राही. त्यात एक उणीव मात्र होती. बापाला जे ठाऊक नव्हते, ते मुलालाही सहसा ठाऊक होत नसे.

मग पदवीधर आले. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीच्याच काळात त्यांना खानदेशात दातर्ती गावाजवळ पांझरेच्या एका प्रवाहापार पाणी नेणारा सायफनचा नळ टाकायचे काम मिळाले. दिवस पावसाळ्याचे होते. पुराने काम अडले, तेव्हा पाऊस संपेपर्यंत थांबावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. ती सूचना वरिष्ठांना रुचली नाही. मग त्यांनी त्या पावसातच काम तडीस नेले. परीक्षेतला पहिला क्रमांक पांझरेच्या पुराला माहीत नव्हता! शिवाय त्या खात्याचा दंडक असा, की पदवी घेऊन आलेल्यानेही खात्याच्या परीक्षा द्यायच्या. म्हणजे नोकरीत शिरल्यावर शिकण्याची सक्ती ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही.

वास्तुशिल्पज्ञांचे संघटन यानंतरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली एक मंडळ काढले. तेच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाले. कायदा मात्र १९७२ साली आला आणि त्याने नोंदणीसाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन केले. या कायद्याचे २७ वे कलम नोंदणीच्या नूतनीकरणाचे आहे. त्यात फी भरण्याची गोष्ट आहे, शिकण्याची नाही. शिवाय २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याला ते काम करण्याची मनाई करत नाही. घराच्या आतली मांडणी करणाऱ्या इंटिरियर डिझायनरांचा तर या नोंदणीत समावेशच नाही.

आता कोणी म्हणेल, यात बिघडले काय? विटा त्याच, सिमेंट तेच. पण, श्रोतेहो, ज्ञान तेच राहत नाही. भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधणीचे भारतीय मानक प्रथम १९६२ साली निघाले आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा सुधारले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसे गेली, आणि पुष्कळशी गेली ती दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. २००२ साली मानकातून तो पट्टाच काढून टाकण्यात आला. ज्याने जुना नकाशा पाठ करून परवाना घेतला, त्याला हे कोणी सांगितले?

आपणही निर्धास्त राहावे असे नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. आपल्याकडची धाब्याची घरे वैशाखात थंडावा देतात. तो गुण खराच, पण डोक्यावरचा मातीचा जाड थर हा भारही आहे. ते घर पाडायचे की सांभाळायचे? दाराखिडक्यांवरून चारी भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा घातला आणि दगडी भिंतीची दोन्ही तोंडे आरपार दगडांनी सांधली, तर जुन्या घरालाही बळ येते. किल्लारीनंतर हे गवंड्यांनाही शिकवण्यात आले. ते ज्याला ठाऊक आहे तो घर वाचवील, आणि ज्याला ठाऊक नाही तो एक तर पाडा म्हणेल किंवा काही होत नाही म्हणेल.

इतर देशांनी यावर तासांचा हिशेब काढला आहे. अमेरिकेतील वास्तुशिल्पज्ञांची संस्था सदस्यांकडून वर्षाला १८ तासांचे शिक्षण मागते, तर इंग्लंडातील संस्था ३५ तासांचे. आपल्याच महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. डॉक्टरच्या हाती एका वेळी एक जीव असतो, वास्तुशिल्पज्ञाच्या छपराखाली सबंध कुटुंब झोपते!

यावर एक आक्षेप खरा आहे. सक्ती केली की माणसे सही करून मागच्या बाकावर डुलक्या घेतात. त्यावर उपाय सक्ती टाळण्याचा नव्हे, धडा बदलण्याचा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. त्या नगराच्या सजावटीची जबाबदारी गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर टाकली. नंदलाल हे चित्रकार, वास्तुविद्येचे पदवीधर नव्हेत. बांबू, चटया असे खेड्यात मिळणारे साहित्य घेऊन ते काम उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेला नामवंत कलावंत खेड्यात येऊन तिथल्या साहित्याशी नवी ओळख करून घेतो, हेच शिक्षण!

तेव्हा अट असावी, पण तिचे वर्ग केवळ मुंबई-पुण्याच्या सभागृहात नकोत. धुळ्या-जळगावात, चालू बांधकामावर, धाब्याच्या घरात ते भरावेत, आणि गवंड्यालाही तिथे बसायला जागा असावी. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपण घर बांधायला निघालो की फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: गेल्या पाच वर्षांत आपण नवे काय शिकलात?